अम्री राजाची बखर आणि येळवंड्यांची वही

साहेबराव साळव्यांचा स्वभाव असा, की हॉटेलातल्या मेनूकार्डावर 'मागे पाहा' असं छापलेलं असावं आणि मागची बाजू कोरी निघावी, तर त्यांना पुढचं जेवण गोड लागत नसे. दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. निघोज्याजवळच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते चोवीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कंपनीतला प्रत्येक कागद, रजिस्टर, नकाशा आणि फॉर्म त्यांच्या हाताखालून जाई. एका कागदात दुसऱ्या कागदाचा हवाला असेल, तर तो दुसरा कागद कपाटात सापडलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. दुसरा धर्म ख्रिस्ती. नेवाशाहून आजोबांच्या वेळी चालत आलेला, आणि तोही ते तितक्याच काटेकोरपणे पाळत.

या दोन धर्मांची टक्कर झाली ती एका बुधवारी संध्याकाळी, रहाटणीत, त्यांच्याच हॉलमध्ये.

मंडळीची घरोघरची प्रार्थनासभा त्या आठवड्यात त्यांच्याकडे होती. वाचन चाललं होतं इस्राएल आणि यहूदाच्या राजांचं. वाचायला अर्थातच साहेबराव, कारण त्यांचा आवाज खणखणीत आणि चष्मा नवा. त्यांनी अम्री राजाचं वाचलं. अम्रीनं टेकडी विकत घेतली, तिच्यावर शोमरोन नावाची राजधानी वसवली, बारा वर्षं राज्य केलं, देवाच्या दृष्टीनं वाईट वागला आणि मेला. बाकीचा पराक्रम राजांच्या बखरीत लिहिला आहे म्हणे. संपला अम्री. पुढचा राजा, त्याचंही तेच. बाकीचं बखरीत पाहा.

साहेबराव थांबले. त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि मागची पानं चाळली. मग पुढची चाळली. सुमनताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पोह्यांखालचा गॅस बंद केला. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. आता उशीर होणार होता.

"पाळकसाहेब," साहेबराव म्हणाले, "ही बखर कुठंय?"

पाळक शेखर पंडित वयानं तरुण, मंडळीत येऊन जेमतेम आठ महिने झालेले. "ती हरवली, साहेबराव. काळाच्या ओघात."

"हरवली म्हणजे? कुणाच्या ताब्यात होती?"

"राजदरबाराच्या. लेखक असायचे तिथं नेमलेले."

"म्हणजे जबाबदार माणूस होता. मग त्यानं कुणाला दिली? देताना सही घेतली होती का?"

पाळकांनी हसून विषय वळवायचा प्रयत्न केला, पण साहेबराव वळले नाहीत. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी पेन्सिलनं खुणा करून मोजदाद पुरी केली. इस्राएलाच्या राजांच्या बखरीचा हवाला अठरा ठिकाणी, यहूदाच्या राजांच्या बखरीचा पंधरा ठिकाणी. "तेहेतीस!" ते सुमनताईंना म्हणाले. "तेहेतीस वेळा हवाला दिलाय आणि मूळ कागद गायब! आमच्याकडं एक असा सापडला तर ऑडिटर एनसी मारतो. लेखी ठपका!"

"मग मारा देवाला एनसी," सुमनताई म्हणाल्या, "पण आधी पोहे खा. दुसऱ्यांदा गरम केलेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळक स्वतःच आले. त्यांनाही रात्रभर चुटपुट लागली असावी, कारण त्यांनी मोबाइलमध्ये फोटो भरून आणले होते. "तुमची बखर मला नाही सापडली," ते म्हणाले, "पण त्या राजांच्या शत्रूंचं दप्तर सापडलंय. दगडावर कोरलेलं, मातीच्या विटांवर लिहिलेलं. म्युझियममध्ये आहे सगळं."

साहेबरावांनी चष्मा पुसला.

पहिला फोटो मवाबच्या मेशा राजानं उभारलेल्या काळ्या दगडाचा. त्यात मेशा सांगतो, की इस्राएलच्या अम्री राजानं आमच्या देशाला फार दिवस छळलं. ज्या अम्रीला आपल्या माणसांनी चार ओळींत गुंडाळलं, त्याच्या ताकदीची कबुली शत्रूनं दगडावर दिली होती. पुढं अश्शूरचे लोक तर सगळ्या इस्राएललाच 'अम्रीचं घराणं' म्हणायला लागले. अम्री मेला, वंश बुडाला, तरी शंभर-सव्वाशे वर्षं दप्तरात नाव त्याचंच.

"म्हणजे मास्टर फाईलचं नाव कुणी बदललंच नाही," साहेबराव समजूतदारपणे म्हणाले. "होतं असं."

दुसरा फोटो सन्हेरीब नावाच्या अश्शूरी सम्राटाच्या मातीच्या स्तंभाचा. यहूदाचा हिज्कीया राजा आपण यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला, अशी त्यात फुशारकी. पण शहर जिंकलं असं कुठंही लिहिलेलं नाही. साहेबराव मांडीवर थाप मारून हसले. "अहो, हा तर आमच्या प्रॉडक्शनचा रिपोर्ट! टार्गेट झालं असं म्हणतच नाहीत. मशीन जोरात चालू होती, एवढंच लिहितात."

तिसरी बाबेलमधली मातीची पाटी. कैदेत पडलेल्या यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पोरांना किती तेल द्यायचं, याची कोठारातली नोंद. यावर साहेबराव हसले नाहीत. बोटांनी फोटो मोठा करून त्यांनी तो पुन्हा पाहिला. राजाची बखर गेली, सिंहासन गेलं, आणि टिकली ती कुणा कोठीवाल्याच्या हातची साधी नोंद. त्यांना त्या कोठीवाल्याला भेटावंसं वाटलं.

पण चौथ्या फोटोनं त्यांचं डोकं फिरवलं. काळ्या दगडावर अश्शूरच्या सम्राटापुढं एक माणूस नाक घासतोय. वर लिहिलंय, हा येहू, अम्रीचा मुलगा.

"अम्रीचा मुलगा?" साहेबराव ताडकन उठले. "येहूनं तर अम्रीचं अख्खं घराणं कापून काढलं! एक जण ठेवला नाही! आणि ह्यांनी त्यालाच मुलगा म्हणून नोंदवलं?"

"त्यांना काय, 'अम्रीच्या देशाचा राजा' एवढंच म्हणायचं असेल."

"असं कसं? नाव लिहिताना विचारायला नको?"

पाळकांना एक उपाय सुचला. त्यांनी रविवारच्या संध्याकाळच्या सभेत साहेबरावांनाच या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं. साहेबराव पंचावन्न मिनिटं बोलले. दगड, विटा, तेलाची नोंद, बखर हरवणारा दरबारी लेखक, सगळं आलं. येहूवरच्या अन्यायापाशी त्यांचा आवाज चढला. मागच्या बाकावरचे दोघे पेंगत होते ते दचकून जागे झाले आणि सवयीनं आमेन म्हणाले. शेवटी साहेबरावांनी हात उंचावून सगळ्या मंडळीला बजावलं, की आपला कागद आपण नीट ठेवला नाही, तर आपल्याबद्दल काय खरं होतं ते शत्रूला विचारायची पाळी येते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं म्हणूनही असेल.

सोमवारी सकाळी कंपनीची बस गेटाशी थांबली, तेव्हा साहेबराव अजून त्या टाळ्यांतच होते.

त्या आठवड्यात एका मोठ्या ग्राहकाकडून ऑडिट होतं. ऑडिटर आम्रपाली वाघमारे. वय पस्तिशीचं, आवाज मऊ, नजर वस्तऱ्यासारखी. पिंपरीतल्या कामगाराच्या घरात वाढलेली बाई, त्यामुळं शॉपवरचं, मशीनपाशी मिळणारं, कुठलं उत्तर खरं आणि कुठलं कालच पाठ केलेलं, हे तिला वासावरून कळे. सोमवारी दुपारी ती पत्रा दाबून आकार देणाऱ्या जुन्या प्रेस मशीनपुढं उभी राहिली.

"हे मशीन बसवलं तेव्हा कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं?"

"दिलं होतं," साहेबराव छाती काढून म्हणाले. "जून दोन हजार चौदा. प्रशिक्षणाचं कामही तेव्हा माझ्याकडं होतं, मीच दिलं होतं."

"हजेरीपट दाखवा. करारात पंधरा वर्षं ठेवायचा म्हटलंय. उद्या दुपारी चारपर्यंत दिलात तरी चालेल."

साहेबराव रेकॉर्ड रूममध्ये गेले. प्रशिक्षणाचं कपाट उघडलं. तेरानंतर एकदम पंधरा होतं. मधली जागा मोकळी. त्यांनी विल्हेवाटीचं रजिस्टर काढलं. दोन हजार एकोणीस साली शेड हलवली तेव्हा भंगारात गेलेल्या खोक्यांची यादी त्यात होती. खोका क्रमांक सतरा, मजकूर 'कँटीनची जुनी कुपनं'. पण कुपनांचा खोका तर समोर मांडणीवर शाबूत होता. उघडून पाहिलं, आत कुपनंच. म्हणजे लेबलांची अदलाबदल झाली होती आणि सतरा नंबरातून गेला होता तो चौदा सालचा प्रशिक्षणाचा सगळा गठ्ठा.

यादीखाली 'तपासून पाठवले' असं लिहिलेलं होतं. अक्षर वळणदार, सही साहेबराव साळवे.

ते तिथंच स्टुलावर बसले. कुणाच्या ताब्यात होती, सही घेतली होती का, हे त्यांचे स्वतःचेच प्रश्न त्यांच्याभोवती डासांसारखे फिरू लागले. काल संध्याकाळी ज्या दरबारी लेखकाची त्यांनी भर सभेत पंचावन्न मिनिटं खरडपट्टी काढली होती, त्याची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

प्लँटहेड दिग्विजयला सांगणं भागच होतं. दिग्विजय बत्तीस वर्षांचा, मॅनेजमेंट शिकलेला. त्यानं आधी दार लावलं, मग खालच्या आवाजात विचारलं, "काका, तो हजेरीपट पुन्हा बनवता नाही का येणार? जुना कोरा कागद आहे का आपल्याकडं?"

"पुन्हा बनवता येतो," साहेबराव म्हणाले. "पण मग चोवीस वर्षं मी काय केलं?"

दिग्विजयनं दार पुन्हा उघडलं. पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता.

राहिलेला डबा उघडून साहेबरावांनी पोळी बाजूला सारली. दोडक्याच्या भाजीकडं बघत ते चौदा सालचा तो हॉल आठवू लागले. आपण फळ्यापाशी उभे, समोर प्रेस शॉपचे कामगार, आणि मागच्या रांगेत ज्योतीराम येळवंडे. युनियनचा सेक्रेटरी. सगळे जांभया देत होते आणि हा माणूस दोन तास मान खाली घालून वहीत लिहीत होता.

साहेबरावांनी डब्याचं झाकण लावलं. शत्रूचं दप्तर!

अडचण एकच होती. ज्योतीराम येळवंडे साहेबरावांशी अकरा वर्षं एक शब्द बोलला नव्हता. का, ते साहेबरावांना माहीत नव्हतं. त्या जूनपर्यंत एका बाकावर चहा प्यायचे दोघं. नंतर ज्योतीरामनं समोरून येताना तोंड फिरवायला सुरुवात केली, ती तीन वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत.

त्याच संध्याकाळी ते निघोजे गावात गेले; येळवंड्यांचं घर शोधायला लागलं नाही. खाली घर, वर कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, अंगणात वाळत घातलेल्या वीसेक युनिफॉर्मच्या पँटी. त्या पँटींच्या आडून ज्योतीरामची बायको तानुबाई बाहेर आली. तिनं पाहुण्याला पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, "आवो, कंपनीतला त्यो आलाय. ज्याच्याशी तुमी बोलत न्हाई त्यो!"

ज्योतीराम बाहेर आला. पांढरी टोपी, बनियन, हातात कोथिंबिरीची जुडी. "बसा," असं तो साहेबरावांकडं न बघता खुर्चीकडं बघून म्हणाला.

साहेबरावांनी काही लपवलं नाही. कागद हरवला, माझ्याच सहीनं हरवला, आणि आता तुमच्या वहीशिवाय गत नाही.

ज्योतीरामनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. मग उठला, आतून एक पत्र्याची पेटी ओढत आणली. आत वह्या, वर्षांप्रमाणं रचलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर सालाची चिठ्ठी. साहेबरावांनी त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. असं कपाट त्यांना कंपनीत एकदाही साधलं नव्हतं.

"मॅनेजमेंट उद्या पलटंल, म्हून लिवून ठेवायचो," ज्योतीराम म्हणाला. "घ्या. चौदा साल. वाचा मोठ्यानं."

साहेबराव वाचू लागले. "दिनांक अकरा जून. आज मॅनेजमेंटने चहाची सुट्टी खाऊन दोन तास प्रेस मशीनचे लेक्चर झोडले. विषय, मशीनमध्ये हात घालू नये. हे आम्हाला ठाऊक आहे. नंतर पेपर घेतला. पेपर सोपा होता, सर्व पास. हजर कामगार एकतीस. चहा बुडाल्याच्या निषेधार्थ प्रत्येकाची सही खाली घेतली आहे." आणि खाली खरोखरच एकतीस सह्या! कंपनीच्या हजेरीपटावर तर दोघांनी कंटाळून नुसत्या रेघा मारल्या होत्या. साहेबरावांना नाचावंसं वाटलं. पण अजून एक ओळ उरली होती.

"लेक्चर देणारा, साहेबराव साळवे, मॅनेजमेंटचा पोपट व..." ते वहीवर वाकले. "व पर्सोनेल मॅनेजर साळवे यांचा सख्खा भाऊ?"

"हायेच की," ज्योतीराम म्हणाला. "तुमच्या भावानं त्याच महिन्यात मला तीन आठवडे सस्पेंड केलं. त्या भावाच्या भावाशी मी कशापायी बोलू?"

"अहो तो सातारचा साळवे! मी नेवाशाचा! आमचं नातं तर सोडाच, त्या माणसानं माझी दोन प्रमोशनं अडवली. तो गेला त्या दिवशी मी बायकोला गुलाबजाम करायला सांगितले होते!"

ज्योतीरामनं टोपी काढून डोकं खाजवलं. अंगणात पँटींतून पाणी ठिबकत होतं.

"म्हंजे अकरा वर्सं मी उगाच न्हाई बोललो?"

"उगाच."

"मंग तुमी सांगायचं व्हतं की!"

"तुम्ही विचारायचं होतं!"

"इच्चारायला बोलाया लागतंय, आन् मी तर बोलत नव्हतो!"

दारात उभी तानुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला थांबवेना. मग ज्योतीरामलाही खोकल्यासारखं काहीतरी झालं, आणि साहेबरावांचा चष्मा ओला झाला. हसू ओसरल्यावर ज्योतीरामनं खिशातलं पेन काढलं. "आना इकडं. 'भाऊ' खोडतो. 'पोपट' बी खोडतो, आता पाव्हणे हाय तुमी."

साहेबरावांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. "खबरदार! ऑडिट संपेस्तोवर एक काना-मात्रा बदलायची नाही. खाडाखोड केली की कागदाची किंमत गेली."

"पन बाईम्होरं पोपट वाचतील की."

"वाचू देत."

ज्योतीरामनं त्यांच्याकडं त्या दिवसात पहिल्यांदा सरळ पाहिलं. मग त्यानं अट घातली. वही तो कुणाच्या हातात देणार नव्हता. स्वतः घेऊन येणार, मोठ्या गेटानं, आणि बसायला खुर्ची पाहिजे.

मंगळवारी साडेतीन वाजता ज्योतीराम येळवंडे इस्त्रीचा सदरा घालून, वही पिशवीत छातीशी धरून, मोठ्या गेटानं आत आला. ज्या सिक्युरिटीवाल्यानं त्याला पूर्वी दोनदा गेटाबाहेर अडवलं होतं, तो सवयीनं आडवा आला आणि पास पाहून बाजूला झाला. कॉन्फरन्स रूममध्ये दिग्विजयनं स्वतः खुर्ची पुढं केली. ज्योतीराम आधी तिच्याकडं, मग छताकडं, मग एसीकडं बघून बसला.

आम्रपालीबाईंनी पान मोठ्यानं वाचलं. पोपटापाशी त्या थांबल्या, भावापाशी पुन्हा थांबल्या. "तुम्ही यांचे भाऊ होतात?"

"नाही, मॅडम. नोंद चुकीची आहे. पण मजकुरात मी हात घातलेला नाही."

"आणि पोपट?"

"ते मत आहे," साहेबराव म्हणाले. "मतावर मी काय बोलू?"

बाईंनी यादीतले दोन कामगार शॉपवरून बोलावून घेतले, त्यांना कोऱ्या कागदावर सही करायला लावली आणि वहीतल्या सहीशी ताडून पाहिली. पहिल्यानं सही करता करता ज्योतीरामला विचारलं, "चहाचं काय झालं मग, येळवंडे भाऊ? तो अजून बाकी हाय." दुसऱ्याला पेपरात आलेला प्रश्नसुद्धा आठवत होता.

"कंपनीनं स्वतःच्या बाजूनं लिहिलेला कागद मी दहा वेळा तपासते," बाई वही मिटत म्हणाल्या. "हा तर कंपनीवर चिडून लिहिलाय, आणि तरी प्रशिक्षण झालं असंच सांगतोय. हा मी मान्य करते. पण रेकॉर्ड रूमसाठी एनसी लागेल. खोका तुमच्याकडून गेलाय, साळवे."

"लागलीच पाहिजे," साहेबराव म्हणाले, आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना ते त्यांनी वाकून पाहिलं. चोवीस वर्षांतली ही त्यांच्या नावावरची पहिली. त्यांना वाटलं होतं तेवढी ती टोचली नाही.

बाई गेल्यावर ज्योतीरामनं वही पुन्हा उघडली. साहेबरावांनी त्याला रीत दाखवली. खोडायचं ते एका सरळ रेघेनं, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, वर बरोबर मजकूर, बाजूला सही आणि तारीख. ज्योतीरामनं फूटपट्टी मागून घेतली आणि 'सख्खा भाऊ' वर रेघ मारली. वर लिहिलं, 'काही नाते नाही. नेवाशाचे.' सही केली. पेनाला टोपण लावलं.

"आणि पोपट?" दिग्विजयनं विचारलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या," ज्योतीराम म्हणाला. "त्या दिवशी व्हतेच."

कंपनीची बस तोवर गेली होती. ज्योतीराम म्हणाला, "चला, मी सोडतो चौकात." त्याच्या जुन्या स्कूटरवर मागं बसून साहेबराव निघाले. तळेगाव-चाकण चौकात कंटेनर आडवा झाला होता, पुढं ट्रकांची रांग लागलेली, आणि माणूस पायीसुद्धा हलू शकत नव्हता. ज्योतीरामनं इंजिन बंद केलं. साहेबरावांनी वेळ जावा म्हणून अम्री राजाचं सांगायला सुरुवात केली. टेकडी, राजधानी, मवाबचा दगड, सगळं. ज्योतीराम हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत होता.

"आन् त्यो दगड कोरला कुनी?" त्यानं मधेच विचारलं.

"मेशा राजानं."

"राजा छिन्नी घिऊन बसला व्हता व्हय? कोरनाऱ्याचं नाव काय?"

साहेबरावांनी तो दगड आठवून पाहिला. ते नाव दगडावर नव्हतं. पाळकांच्या फोटोत नव्हतं. आता आणखी एक कागद गायब निघाला होता, आणि यावेळी त्याचा हवालासुद्धा कुठं दिलेला नव्हता. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून ट्रकच्या लाल दिव्यात तो प्रश्न लिहून घेतला.

"लिवलं ना?" ज्योतीराम म्हणाला. "मंग आता माझं ऐका. सतरा साली कँटीनच्या डाळीवरनं आमी काम बंद केलं, त्या दिवशी खरं काय झालं व्हतं, त्ये तुमाला कुनी सांगितलंच नसंल."

पुढचा कंटेनर चार फूट सरकला आणि पुन्हा थांबला. साहेबरावांनी दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले आणि म्हणाले, "सुरुवातीपासून सांगा. तारखेसकट."